सिल्व्हिया कोणाची? मद्रासमधल्या एका शोधाची कागदोपत्री छाननी

लघुग्रहांच्या कोणत्याही यादीत ८७ या क्रमांकापुढे मोजकीच माहिती असते : नाव सिल्व्हिया, शोधाची तारीख १६ मे १८६६, स्थळ मद्रास, शोधक नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन. यातल्या शेवटच्या तीन नोंदींबद्दल कधी वाद झाला नाही. वाद झाला तो नावाबद्दल. ही सिल्व्हिया म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ कामीय फ्लामारियाँ यांची पहिली पत्नी सिल्वी पेतियो, असे विसाव्या शतकातल्या काही नामसूचींनी सांगितले आणि तेच पुढे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले. दुसरे मत असे की ही रोमच्या दंतकथेतली रिया सिल्व्हिया, रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची आई.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण २००५ साली या लघुग्रहाला दोन उपग्रह असल्याचे जाहीर झाले आणि त्यांची नावे रोम्युलस व रेमस अशी ठेवली गेली. आई कोण हे चुकले असेल तर मुलांची नावेही चुकीच्या घरात गेली, असे म्हणावे लागेल. म्हणून मूळ कागद उघडून पाहणे भाग आहे.

आधी पॉग्सन यांच्याविषयी. १८२९ साली नॉटिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक होता. तिथे असतानाच त्यांनी १८५६ मध्ये आयसिस आणि १८५७ मध्ये एरियाड्नी व हेस्टिया हे लघुग्रह शोधले. पण त्यांचे नाव आज प्रत्येक खगोलज्ञाच्या तोंडी आहे ते दुसऱ्या कारणाने. ताऱ्यांच्या प्रती ठरवताना पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक मानावा, ही सूचना त्यांनी १८५६ मध्ये केली. एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. हे प्रमाण आजही जसेच्या तसे वापरात आहे आणि त्याला पॉग्सन यांचेच नाव आहे.

मद्रास वेधशाळेचे सरकारी खगोलज्ञ म्हणून त्यांची नेमणूक १८६० मध्ये झाली आणि १८६१ च्या आरंभी ते मद्रासला पोचले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये नुंगमबाक्कम इथे बांधलेली. तिथला ग्रॅनाइटचा खांब आजही उभा आहे. पॉग्सन यांनी वेळ दवडला नाही. १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना नवा लघुग्रह सापडला, आशिया खंडातून सापडलेला पहिला. त्याचे नाव त्यांनी एशिया ठेवले. त्यानंतर १८६४ मध्ये सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि बऱ्याच मोठ्या खंडानंतर १८८५ मध्ये व्हेरा. १८९१ मध्ये मद्रासलाच त्यांचे निधन झाले.

या यशात एकट्या पॉग्सन यांचाच हात होता असे समजू नये. वेधशाळेत भारतीय साहाय्यकांची परंपरा जुनी होती आणि त्या काळात चिंतामणी रघुनाथाचारी हे त्यातले अग्रणी होते. १८६७ मध्ये त्यांनी आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा ओळखला. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले ते पहिले भारतीय. शुक्राच्या १८७४ च्या अधिक्रमणावर त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली आणि ती भारतीय भाषांतही निघाली. सिल्व्हियाच्या शोधापुढे शोधक म्हणून एकच नाव छापले जाते. पण जिथे रोज रात्री वेध घेतले जात, आकडे उतरवले जात आणि गणिते तपासली जात, त्या जागेचा विचार करताना रघुनाथाचारींना वगळून चालत नाही.

आता १६ मे १८६६ ही तारीख. ती वाचताना दोन सावधगिरी बाळगाव्या लागतात. त्या काळी खगोलज्ञांचा दिवस मध्यरात्री नव्हे, दुपारी बाराला सुरू होई आणि ही पद्धत १९२४ अखेरपर्यंत चालू होती. त्यामुळे रात्री दोन वाजता घेतलेला वेधही आदल्या तारखेखालीच नोंदला जाई. शिवाय मद्रासचे स्थानिक घड्याळ ग्रीनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे. म्हणून जुन्या तक्त्यांतली तारीख आपल्या पंचांगातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या तारखेशी जुळवण्याआधी ती कोणत्या घड्याळाची आहे हे पाहावे लागते. १६ मे ही वेधशाळेच्या हिशेबातली रात्र आहे.

त्या रात्रीचे काम कसे झाले असेल, हे त्या काळच्या पद्धतीवरून निश्चितपणे मांडता येते. छायाचित्रणाने लघुग्रह शोधणे सुरू झाले ते १८९१ मध्ये, हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांच्या हातून. १८६६ मध्ये साधने तीनच : दुर्बीण, हाताने काढलेला ताऱ्यांचा नकाशा आणि माणसाचा डोळा. क्रांतिवृत्ताजवळच्या आकाशाचा एकेक तुकडा घ्यायचा, नकाशातला प्रत्येक तारा जागेवर आहे का पाहायचे आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की तो हलतो का, याची वाट पाहायची. सिल्व्हियाच्या कक्षेचा हिशेब केला तर प्रतियुतीच्या सुमारास ती दिवसाला साधारण ११ कला सरकते. चंद्रबिंबाची रुंदी सुमारे ३० कला असते, हे लक्षात घेतले की हा वेग किती संथ आहे ते कळते. तासाभरात अर्ध्या कलेहूनही कमी. तेज साधारण बाराव्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या अडीचशेव्या भागाइतके. असा ठिपका हललेला ओळखायला नकाशावर पूर्ण विश्वास हवा, आणि नकाशावर विश्वास तेव्हाच बसतो जेव्हा तो स्वतः तपासलेला असतो. पॉग्सन रूपविकारी ताऱ्यांचे अभ्यासक होते. एकाच क्षेत्रातल्या अंधुक ताऱ्यांची तेजे पुन्हापुन्हा ताडून पाहणे हे त्यांचे रोजचेच काम होते. त्यांना लघुग्रह सापडत गेले, यामागे नशिबापेक्षा ही सवय मोठी होती, असे माझे मत आहे.

मद्रासचा एक फायदाही होता आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मेच्या मध्यात सूर्याच्या बरोबर समोरचा आकाशभाग विषुववृत्ताच्या सुमारे १९ अंश दक्षिणेला असतो. पॅरिससारख्या ४९ अक्षांशावरच्या शहरात तो मध्यरात्री क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो, त्यातून उत्तर युरोपातल्या मेच्या रात्री आखूड. मद्रासला, १३ अक्षांशावर, तोच भाग ५८ अंश उंच येतो. उन्हाळ्यातल्या लघुग्रहांसाठी युरोपच्या वेधशाळांपेक्षा मद्रास सरस होते.

पुढचा टप्पा बातमी पोचवण्याचा. भारत आणि इंग्लंड यांच्यात समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली ती १८७० मध्ये आणि सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. १८६६ साली भिस्त मुख्यतः टपालावरच होती. तारेने काय फरक पडला हे १८७२ च्या अखेरीस दिसले. गॉटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनी पॉग्सन यांना तार करून बीला धूमकेतू शोधायला सांगितला आणि पॉग्सन यांना डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत त्या दिशेला एक धूमकेतू खरोखर दिसला. सिल्व्हियाच्या वेळी अशी घाई शक्य नव्हती. म्हणूनच लंडनला गेलेले लेखी निवेदन महत्त्वाचे ठरते. शोध, वेध आणि नाव या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या.

हे निवेदन रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्ताच्या २६व्या खंडात १८६६ मध्येच छापले गेले. त्यात पॉग्सन नावाचे कारणही देतात : रिया सिल्व्हिया, रोम्युलस आणि रेमस यांची माता. शोधकाचे स्वतःचे विधान, शोधाच्याच वर्षी, त्या काळच्या सर्वात अधिकृत नियतकालिकात. इतिहासलेखनात याहून भक्कम पुरावा क्वचितच हाती येतो.

मग फ्लामारियाँच्या पत्नीचे प्रकरण आले कुठून? मूळ कागद समोर ठेवला की ते फेटाळता येते, पण इतर पुराव्यांवरही ते टिकते का हे पाहायला हवे.

पहिली तपासणी तारखांची. फ्लामारियाँ यांचा जन्म १८४२ चा. १८६६ मध्ये ते २४ वर्षांचे होते. इतर ग्रहांवरच्या जीवसृष्टीवरच्या पुस्तकाने त्यांचे नाव झाले होते, पण त्यांना घरोघरी पोचवणारा लोकप्रिय खगोलशास्त्राचा ग्रंथ अजून तेरा-चौदा वर्षे दूर होता, जुविसीची वेधशाळा त्याहून दूर. सिल्वी पेतियो यांच्याशी त्यांचा विवाह झाला १८७४ मध्ये, म्हणजे लघुग्रहाला नाव मिळाल्यानंतर आठ वर्षांनी. फ्लामारियाँ यांच्या पत्नीवरून १८६६ मध्ये नाव ठेवले हे विधान त्यामुळे कालगणनेतच अडखळते.

दुसरी तपासणी शेजारच्या क्रमांकांची. ८४ क्लायो, ८५ आयो, ८६ सेमेली, ८८ थिस्बी ही सारी नावे ग्रीक-रोमन कथांतली. त्या दोन वर्षांचा कल स्पष्ट आहे. इथे मात्र प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे : संकेत मोडलेली उदाहरणे तेव्हाही होती. ४५ युजेनिया हे नाव फ्रान्सच्या सम्राज्ञीवरून, ५४ अलेक्झांड्रा हे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टवरून. १२ व्हिक्टोरियाच्या नावावर राणीचा संबंध म्हणून आक्षेप घेतला गेला. १८६१ मध्ये टेंपेल यांना सापडलेल्या ६५व्या लघुग्रहाला बव्हेरियाच्या राजाचे नाव सुचवले गेले, त्याला विरोध झाला आणि शेवटी सिबिली हे पुराणकथेतले नाव राहिले. म्हणजे हयात व्यक्तींची नावे अशक्य नव्हती. पण ती दिली गेली की त्यावर बोलले जाई, कागद उमटत. सिल्व्हियाच्या नावाभोवती तशी कोणतीही कुरबूर दिसत नाही, कारण कुरबुरीला कारणच नव्हते.

तिसरी तपासणी पॉग्सन यांच्याच पुढच्या शोधाची. १७ नोव्हेंबर १८६८ रोजी मद्रासलाच सापडलेल्या १०७व्या लघुग्रहाचे नाव त्यांनी कॅमिला ठेवले. कॅमिला ही व्होल्सी लोकांची वीरकन्या, व्हर्जिलच्या महाकाव्यात इनियसविरुद्ध लढताना पडलेली. रिया सिल्व्हिया आणि कॅमिला या दोघी रोमच्या स्थापनेआधीच्या इटलीतल्या कथांतल्या. सलग दोन शोधांना एकाच कथाविश्वातली नावे देणारा माणूस काय वाचत होता, याचा यावरून अंदाज येतो.

आणि गोंधळाचे मूळही बहुधा इथेच असावे. सिल्व्हिया आणि कॅमिला, सिल्वी आणि कामीय. पुढच्या काळात पती-पत्नीची ही जोडी लघुग्रहांच्या यादीत शोधणाऱ्याला ती आयती सापडते. त्यात भर अशी की फ्लामारियाँ यांच्याशी जोडलेली खरी नावे यादीत आहेतच. १४१ लुमेन हे त्यांच्या पुस्तकावरून, १६९ झेलिया हे पुतणीवरून, आणि दोन्ही शोध पॅरिसच्या हेन्री बंधूंचे, १८७५ आणि १८७६ मधले. खरी उदाहरणे समोर असताना आणखी एक खपून जाते. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. निकाल त्याच्यावर अवलंबून नाही. निकाल १८६६ च्या निवेदनावर उभा आहे.

पॉग्सन यांना त्या ठिपक्यातून काय कळले आणि काय कळणे शक्य नव्हते, हेही या कागदांवरून नीट वेगळे करता येते. कळली ती जागा, गती आणि त्यावरून कक्षा. सूर्यापासून सरासरी अंतर पृथ्वीच्या सुमारे ३.४८ पट, म्हणजे ५२ कोटी किलोमीटर. एका प्रदक्षिणेला साडेसहा वर्षे. त्यापूर्वीच्या ८६ लघुग्रहांत एवढ्या दूरच्या कक्षेत कोणीच नव्हते. सिबिली आणि फ्राया या दोघी त्यातल्या त्यात जवळ जात. म्हणजे पॉग्सन यांनी पट्ट्याच्या ज्ञात सीमेपलीकडे पाऊल टाकले होते.

आकार मात्र कळणे शक्य नव्हते. दुर्बिणीत तो बिंदूच दिसे आणि बिंदूचे तेज दोन गोष्टींवर ठरते : पिंड किती मोठा आणि त्याचा पृष्ठभाग किती उजळ. त्यातली दुसरी गोष्ट ठाऊक नसताना पहिली काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवरक्त किरणांची आणि ध्रुवीकरणाची मापने आल्यावर कळले की सिल्व्हिया कोळशासारखी काळी आहे. पडलेल्या प्रकाशातला ४ टक्क्यांच्या आसपासच भाग ती परत पाठवते. १६ टक्के प्रकाश परतवणारा पिंड तेवढाच तेजस्वी दिसत असेल तर त्याचा व्यास सिल्व्हियाच्या निम्मा आणि आकारमान आठवा हिस्सा असेल. पृष्ठभाग उजळ धरला की हा लघुग्रह कागदावर एवढा लहान होतो. प्रत्यक्षात तिचा सरासरी व्यास २७० किलोमीटरच्या घरात आहे. मुंबईहून निघालेला माणूस सरळ रेषेत कोल्हापूरच्या दिशेने जाऊ लागला, तर तेवढ्यात तो साताऱ्याच्या बराच पुढे पोचेल. आकारही गोल नाही. लांबट आहे, सर्वात लांब अक्ष ३६० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि असा धोंडा ५ तास ११ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी मायकेल ब्राउन आणि झाँ-ल्यूक मार्गो यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीतून सिल्व्हियाभोवती एक उपग्रह पाहिला. दुसरा, आणखी जवळून फिरणारा, २००४ मध्ये चिलीतल्या युरोपीय व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या प्रतिमांत सापडला. फ्राँक मार्शिस, पास्काल देशां, दानिएल एस्ट्रोफेर आणि जेरोम बेर्तिए यांचा तो निबंध ऑगस्ट २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. एका लघुग्रहाला दोन उपग्रह असल्याचे हे पहिले उदाहरण. बाहेरचा रोम्युलस सुमारे १,३६० किलोमीटरवरून ८७.६ तासांत फेरी घालतो. आतला रेमस सुमारे ७१० किलोमीटरवरून ३३ तासांत.

या दोन आकड्यांना फार मोल आहे. उपग्रहाचे अंतर आणि फेरीचा काळ मिळाला की केप्लरच्या तिसऱ्या नियमाने मधल्या पिंडाचे वस्तुमान थेट निघते. रोम्युलसचे आकडे घालून हिशेब केला तर उत्तर येते सुमारे १५ वर १८ शून्ये इतके किलोग्रॅम, आपल्या चंद्राच्या पाच हजारांशाच्या आसपास. ऐकायला प्रचंड, पण आकारमानाने भागले की घनता येते पाण्याच्या जेमतेम १.२ ते १.४ पट. सलग खडकाची घनता याच्या दुप्पट असते. म्हणजे सिल्व्हिया आतून भरीव नाही. जुन्या टकरीत फुटलेले तुकडे गुरुत्वाने पुन्हा गोळा झाले आणि त्यांच्या फटींत पोकळ्या राहिल्या, हा २००५ च्या निबंधाचा निष्कर्ष, आणि उपग्रह हे त्याच टकरीतून उडालेले उरलेसुरले तुकडे. खोल भागात बर्फ असण्याची शक्यताही पुढच्या अभ्यासांत मांडली गेली. काळे पृष्ठभाग आणि कमी घनता ही जोडी पट्ट्याच्या बाहेरच्या भागात वरचेवर आढळते आणि सूर्यमालेच्या आरंभीचा, फारसा न तापलेला माल तिथे टिकून असावा, असा तिचा अर्थ लावला जातो.

६ जानेवारी २०१३ रोजी सिल्व्हिया एका ताऱ्यापुढून गेली. युरोपात हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांनी जागोजागी घड्याळे लावून तारा किती वेळ झाकला गेला ते मोजले. काही ठिकाणी रोम्युलसनेही तारा झाकला आणि त्यावरून तो सुमारे २४ किलोमीटरचा, लांबट असल्याचे ठरले. बाराव्या प्रतीच्या ठिपक्याशेजारी फिरणाऱ्या तुकड्याचे माप घड्याळाच्या साहाय्याने निघते, ही गोष्ट पॉग्सन यांना नक्की आवडली असती.

कॅमिलाचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय मद्रासची ही हकिगत पुरी होत नाही. तिचा पृष्ठभागही काळा, कक्षा जवळपास सिल्व्हियाएवढीच दूर, व्यास अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तिचा पहिला उपग्रह २००१ मध्ये हबल दुर्बिणीतून सापडला, दुसरा २०१६ मध्ये जाहीर झाला. घनता पुन्हा तशीच कमी, १.३ च्या जवळ. दोन उपग्रह असलेले लघुग्रह मुख्य पट्ट्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच माहीत आहेत आणि त्यातले दोन एकाच माणसाने नुंगमबाक्कमच्या एकाच आवारातून अडीच वर्षांच्या अंतराने शोधलेले आहेत.

मद्रास वेधशाळेचे काम १८९९ मध्ये कोडाइकनालला हलले. तिचे दप्तर आणि काही उपकरणे आज बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या संग्रहात आहेत. मासिक वृत्ताचा २६वा खंडही आता कोणालाही वाचायला मिळतो. मराठीत लघुग्रहांविषयी लिहिणाऱ्यांना, विश्वकोशाच्या नोंदी आणि शालेय पूरक पुस्तके तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे : ८७ सिल्व्हियापुढची फ्लामारियाँच्या पत्नीची ओळ काढून टाका, तिथे रिया सिल्व्हिया लिहा, आणि शोधस्थळ म्हणून मद्रासचे नाव कधीही गाळू नका.